डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाच्या पेशीइतकेच तिच्या शेजारालाही महत्त्व देणाऱ्या शास्त्रज्ञ

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी पडली का, आणि ती वाढवायला काय द्यायचे? आमच्या हिमायतनगर भागातून मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबेही हेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते समजून घ्यायला एका मराठी शास्त्रज्ञाचे आयुष्य चांगली मदत करते.

पुण्यातली सुरुवात

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र वनस्पती आणि प्राणिशास्त्राची वाट धरली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींचा अभ्यास केला. 1939 मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईत टाटा रुग्णालयात काम करत असताना त्यांना डॉ. वसंत खानोलकर हे गुरू लाभले. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे हेच ते खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

काचेच्या भांड्यातली पेशी

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढवून दाखवणारी पहिली प्रयोगशाळा ती हीच. या तंत्राला ऊतिसंवर्धन म्हणतात. पेशी शरीराबाहेर जगवायची तर तिला योग्य उष्णता, अन्न आणि वाढीचे संकेत द्यावे लागतात. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती भारतातली पहिली मानली जाते. 1966 ते 1970 या काळात त्या संस्थेच्या संचालक होत्या. याच संस्थेतून पुढे खारघरचे आजचे केंद्र घडले.

उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांनी स्तनाचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग आणि ल्युकेमिया यांचा अभ्यास केला. स्तनाच्या कर्करोगात विषाणू आणि संप्रेरके यांचे नाते त्यांनी तपासले. गाठ का होते याचे उत्तर फक्त गाठीत शोधून भागत नाही, शरीराची स्थितीही पाहावी लागते, ही त्या कामामागची दृष्टी होती.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले आणि त्यातून लसीच्या संशोधनाला दिशा मिळाली. हा जंतू लपतो कुठे, तर मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या आत. म्हणजे जंतू खाणारी राखणदार पेशीच त्याचे घर बनते.

राखणदारच पोसतो तेव्हा

ल्युकेमियातही असेच काहीसे घडते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा मुख्यतः वाढत्या वयातला आजार. त्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकतात, पण काचेच्या भांड्यात एकट्या ठेवल्या तर काही दिवसांतच मरू लागतात. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की रक्तातल्या मोनोसाइट या पेशी त्यांच्या सोबत राहिल्या तर मोठ्या होतात आणि सीएलएलच्या पेशींना जगवतात. त्या परिचारिकेसारखे काम करतात म्हणून त्यांना नर्ससारख्या पेशी म्हणतात. खऱ्या तर त्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी.

अस्थिमज्जा, प्लीहा आणि लिम्फच्या गाठींत अशा पेशी ल्युकेमियाला जगण्याचे संकेत देतात आणि कधी औषधांपासून आडोसाही देतात. टी-पेशींच्या ल्युकेमियात उंदरांवर प्रयोग झाले. त्यात अशा साथीदार पेशी कमी केल्यावर आजाराची वाढ मंदावली. बी कितीही जोमदार असले तरी जमिनीची साथ लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

रुग्णांनी यातून काय घ्यावे?

- प्रतिकारशक्ती ही एकच वस्तू नाही. तिच्या काही पेशी कर्करोगाशी लढतात, तर काही फितवल्या जातात. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर किंवा काढा हा ल्युकेमियाचा उपचार नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतही आहेत. काही घेत असाल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा.
- सीएलएलमध्ये इब्रुटिनिबसारखी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गाठी लहान होतात, पण रक्तातल्या लिम्फोसाइटची संख्या वाढू शकते. पेशी गाठींतल्या आडोशातून रक्तात बाहेर पडल्यामुळे हे होते. फक्त रिपोर्टमधला आकडा पाहून गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.
- केमोथेरपी चालू असताना 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.
- आपण काही खाल्ले-प्यायले नाही किंवा अशक्त होतो म्हणून हा आजार झाला, असे मनाला लावून घेऊ नका.

प्रयोगशाळेबाहेर

1973 मध्ये कमलताईंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणासाठी राबल्या आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आयुष्यभर पेशीभोवतीचा परिसर पाहणाऱ्या कमलताई अखेरीस माणसाभोवतीचा परिसर पाहत होत्या. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले.

ल्युकेमियाच्या पेशीसोबत तिचा आडोसाही मोडायचा, या दिशेने आज औषधे शोधली जात आहेत. तुमच्या आजाराचा प्रकार कोणता आणि त्यासाठी यातले कोणते औषध उपलब्ध आहे, हे पुढच्या भेटीत आपल्या रक्तविकारतज्ज्ञांना जरूर विचारा.