उंच तारेचा किमयागार : मार्कोनी

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. हर्ट्झ यांनी दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय लहरींवर त्यांनी वडिलांच्या घरीच प्रयोग सुरू केले. संकेत फार दूर जात नसे. १८९५ मध्ये त्यांनी यंत्राचे एक टोक जमिनीला जोडले, दुसऱ्या टोकाची तार उंच टांगली आणि संकेत टेकडीपलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर पोचला.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये त्यांनी पतंगाच्या आधाराने सुमारे १५० मीटर तार वर चढवली आणि अटलांटिकपलीकडून, इंग्लंडहून आलेला संकेत ऐकल्याचे जाहीर केले. १९०९ मध्ये ब्राउन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या बिनतारी यंत्रावरून गेलेल्या हाकेमुळे सातशेहून अधिक जीव वाचले. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा धडा हौशी रेडिओचालक म्हणजेच ‘हॅम’ आजही गिरवतात. सात मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तार दोन झाडांमध्ये ताणली की अँटेना तयार! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने औसा तालुक्यातील किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हाच्या मदतकार्यातही हॅम मंडळींचा हातभार लागला. वीज आणि फोन बंद पडले, तरी बॅटरी, छोटा संच आणि झाडावरची तार माणसाची हाक पोचवू शकते.