रिकाम्या चौकटीचा माणूस

आवर्तसारणी म्हटली की बारावीची घोकंपट्टी आठवते. पण दिमित्री मेंडेलीव्हचं चरित्र वाचल्यापासून मला त्या तक्त्यात एक हट्टी माणूस दिसू लागलाय.

जन्म १८३४, सैबेरियातल्या तोबोल्स्क गावी. त्याच वर्षी शिक्षक असलेल्या वडिलांची दृष्टी गेली. आई मारियाने काचेचा कारखाना चालवून भलंमोठं कुटुंब पोसलं. १८४७ मध्ये वडील वारले, पाठोपाठ कारखाना जळाला. तरी ही बाई धाकट्या पोराला शिकवायला मॉस्कोला निघाली. तिथे प्रवेश नाही, म्हणून सेंट पीटर्सबर्गला. १८५० मध्ये तिथे प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी आई गेली.

१८६९ मध्ये ६३ मूलद्रव्ये माहीत होती. अणुभाराप्रमाणे मांडताना जिथे गुणधर्म जुळेनात, तिथे मेंडेलीव्हने ओढूनताणून काही न बसवता चौकट रिकामी सोडली. ॲल्युमिनियमखालच्या चौकटीला नाव दिलं एका-ॲल्युमिनियम. यातला 'एका' म्हणजे आपल्या संस्कृतातला 'एक' बरं का! अणुभार ६८ च्या आसपास, पाण्याच्या सुमारे सहापट जड, चटकन वितळणारा, असं भाकीतही केलं.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँला गॅलियम सापडला. त्याने घनता मोजली ४.७. धातू कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवलं की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. मोजली, तर ५.९!

१८९० मध्ये विद्यार्थ्यांचा अर्ज मंत्र्याकडे नेला म्हणून अपमान झाला, तेव्हा या प्राध्यापकाने विद्यापीठ सोडलं. १९०६ चं नोबेल हुकलं आणि १९०७ मध्ये तो वारला.

आता तो गॅलियम बघा. वितळतो २९.८ अंशाला, म्हणजे मे महिन्यात आमच्या कुणकेश्वरला दुपारी सावलीतसुद्धा पातळ! चौथा हिस्सा इंडियम मिसळलं की सुमारे १५.५ अंशापर्यंत द्रवच. हा मिश्रधातू रबराच्या बारीक नळीत भरून छातीवर किंवा बोटावर बांधतात. श्वासागणिक नळी ताणली की आतली धातूची वाट लांब आणि अरुंद होते, रोध वाढतो, आणि त्यावरून श्वास मोजता येतो. १९५३ मध्ये व्हिटनीने हेच पारा भरून केलं होतं, पण पाऱ्याची वाफ विषारी. गॅलियमची वाफ अंगाच्या उष्णतेला जवळजवळ होतच नाही.

असा सेन्सर उद्या एखाद्या पेशंटच्या अंगावर असेल. सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग जुळवणाऱ्यांनो, तिथे चौकट रिकामी ठेवलेली चालेल, खोटी भरलेली नाही.