विश्वेश्वरय्यांची दारे
मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. १८८३ साली पुण्यात ते अभियंत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुण्यास पाणी पुरविणाऱ्या खडकवासल्याच्या तलावातून पावसाळ्यात पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई. ते अडवावे, तर पुराच्या वेळी जुन्या धरणास धोका! विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली सांडव्यावर अशी दारे बसविली, की पाणी ठराविक पातळीवर चढताच ती आपोआप उघडत व उतरताच मिटत. भिंत न वाढविता पाणी सुमारे ८ फूट अधिक साठू लागले. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा नदीच्या वरच्या अंगास पूर अडविणारे जलाशय त्यांनीच सुचविले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. त्या वेळी विश्वेश्वरय्या हयात होते.