‘सुमो’ नावामागचे मुळगावकर : जुन्या टाटा ट्रकचे इंजिन आजही कमी खर्चात का बांधता येते?

हुडकेश्वर, उमरेड रोड या पट्ट्यात रेती, गिट्टी, विटा आणि भाजी वाहणाऱ्या जुन्या टाटा ४०७ अजूनही रोज दिसतात. यातल्या एखाद्या गाडीने निळा धूर सोडायला सुरुवात केली, ऑइल खाऊ लागली, चढावर दम टाकू लागली, की मालकापुढे दोनच वाटा असतात. नव्या गाडीचा हप्ता डोक्यावर घ्यायचा, नाहीतर इंजिनचे काम काढायचे. एकाच गाडीवर घर चालत असेल तर हा निर्णय सोपा नसतो.

बहुतेक जण दुसरी वाट धरतात, कारण ती परवडते. पिस्टन, रिंग, लायनर, बेअरिंग बाजारात मिळतात, लेथवाला जवळ असतो आणि हे इंजिन खोललेला मिस्त्रीही सापडतो. पण ट्रकचे इंजिन असे गल्लीत बांधता येईल, ही स्थिती आपोआप आलेली नाही. तिच्यामागे एका मराठी इंजिनिअरची जवळपास चाळीस वर्षांची मेहनत आहे. त्यांचे नाव सुमंत मुळगावकर.

कोण होते सुमंत मुळगावकर?

जन्म मुंबईचा, ५ मार्च १९०६. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. परतल्यावर सिमेंट उद्योगात शिरले आणि पुढे एसीसीमध्ये कारखाने उभारण्याच्या कामात नाव कमावले. तो काळ असा होता, की कारखाना भारतात असला तरी आतले यंत्र परदेशातून यायचे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची वाहतूक विस्कळीत झाली आणि या परावलंबनाची किंमत सगळ्याच उद्योगांना कळली. यंत्र विकत घेता येते, पण ते बनवायची अक्कल विकत मिळत नाही, हा धडा मुळगावकरांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

१९४९ मध्ये ते टेल्कोत आले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९४५ मध्ये जमशेदपूरला सुरू झालेली ही कंपनी तेव्हा ट्रक बनवत नव्हती. तिचे मुख्य काम रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्याचे होते.

मग ट्रक कुठून आला?

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. समोरच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेले ते ट्रक जुन्या ड्रायव्हरांना आजही आठवतात.

करार करणे हा सोपा भाग होता. सुटे भाग पेट्यांतून मागवायचे, इथे जोडायचे आणि विकायचे, असे करून १५ वर्षे सहज निघाली असती. मुळगावकरांनी अवघड वाट घेतली. दर वर्षी जास्तीत जास्त भाग इथेच बनले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. इंजिनचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, गिअर हे सगळे भारतात ओतायचे, घडवायचे आणि तासायचे. १९५९ मध्ये जमशेदपूरला संशोधन केंद्र सुरू झाले. १९६१ मध्ये पहिला ट्रक निर्यात झाला, तो श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला.

१९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. जर्मन मदत गेली तरी कारखाना थांबला नाही. तोवर काम इथल्या हातांत बसले होते.

पुण्यात आधी काय बनले?

१९६६ च्या सुमारास टेल्कोने पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला नवा पसारा मांडला. इथला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गाडी नाही, आधी यंत्रे. गाड्या बनवणारी मशिन टूल्स, डाय आणि जिग्ज बनवण्याचे काम आणि मुलांना हात बसवून देणारे प्रशिक्षण केंद्र आधी उभे राहिले. पुण्यातून पहिले व्यावसायिक वाहन निघाले १९७७ मध्ये, म्हणजे साधारण दहा वर्षांनी.

नफ्याच्या हिशेबात दहा वर्षे फार असतात. पण याच काळात टर्नर, फिटर, टूलमेकर तयार झाले. त्या खडकाळ, उजाड जमिनीवर मुळगावकरांनी हजारो झाडे लावून घेतली, आवारात तळे केले आणि तिथे पक्षी येऊ लागले. लांबचा विचार करण्याची त्यांची सवय झाडांतही दिसते आणि यंत्रांतही.

६९२, ६९७, ४९७ : हे आकडे काय सांगतात?

जुन्या टाटा इंजिनांची नावे म्हणजे त्यांची कुंडलीच. पहिला अंक सिलिंडर किती ते सांगतो आणि पुढचे दोन अंक सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर.

६९२ मध्ये पिस्टनची धाव १२० मिमी होती, त्यामुळे इंजिन सुमारे ४.८ लिटरचे झाले. ६९७ मध्ये बोअर ९७ आणि धाव १२८ मिमी झाली, तेव्हा क्षमता सुमारे ५.७ लिटरवर गेली. बोअर फक्त ५ मिमीने वाढला, पण व्यासाचा वर्ग होत असल्याने फरक मोठा पडतो. ४०७ मधले ४९७ इंजिन याच घराण्यातले. चार सिलिंडर, बोअर तोच ९७, धाव १०० मिमी आणि क्षमता २,९५६ सीसी.

१९७१ मध्ये टेल्कोने डायरेक्ट इंजेक्शनची इंजिने आणली. आधीच्या पद्धतीत डिझेल एका छोट्या कप्प्यात पेटून मग सिलिंडरमध्ये यायचे आणि वाटेत बरीच उष्णता वाया जायची. नव्या पद्धतीत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाऊ लागले. त्यामुळे उष्णता वाचली आणि डिझेलही.

४०७ ची परीक्षा

१९८० च्या दशकात हलक्या ट्रकसाठी चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निस्सान. तंत्र आधुनिक, नाव मोठे. टेल्कोने कुणाशी करार केला नाही. १९८६ मध्ये स्वतः आरेखन केलेली ४०७ आणली. मुळगावकर तेव्हा ऐंशीचे होते आणि कंपनीचे अध्यक्ष होते.

गाडी दणकट होती, रस्त्यांना आणि जादा भाराला पुरून उरणारी होती. दुरुस्ती कुठेही होत होती. पुढे डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान ही नावे बाजारातून गेली. ४०७ मात्र टिकली.

आज इंजिन बांधताना काय पाहावे?

आधी मोजमाप, मग खरेदी. सिलिंडर वापराने गोल राहत नाही, लंबगोल होतो. किती झिजला ते बोअर गेजने मोजूनच ठरवावे : बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, की नवा लायनर बसवून माप मूळ जागी आणायचे. क्रँक तासला तर बेअरिंग तेवढेच अंडरसाइज लागते. ब्लॉकला किंवा हेडला तडा असेल, तर बाकीचा खर्च वाया जातो. म्हणून ही तपासणी सर्वांत आधी.

बचत करायची तर जुने पण सरळ भाग वापरून करावी. बेअरिंग, हेड गॅस्केट आणि ऑइल पंप यांत काटकसर नको. डिझेल पंप आणि नोझल यांची तपासणीही सोडू नये, कारण धूर नेहमीच रिंगांमुळे येतो असे नाही.

बोअर वाढवला की ताकद वाढते, हा समज चुकीचा आहे. ९७ चा बोअर ९७.५ केला तरी ४०७ च्या इंजिनात जेमतेम ३० सीसीची भर पडते. परत मिळते ते गेलेले कॉम्प्रेशन. छोट्या गाडीत सहा सिलिंडरचे इंजिन बसवायचा मोह झाला तर चासी, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा विचार आधी करावा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते.

आणि ‘सुमो’?

मुळगावकर १९८८ पर्यंत टेल्कोचे अध्यक्ष होते, त्यानंतर रतन टाटा आले. मारुती उद्योग उभा राहिला तेव्हा त्याचेही अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी देशात रक्तपेढीच्या कामाची पायाभरणी केली. १ जुलै १९८९ रोजी सुमंतरावांचे निधन झाले.

१९९४ मध्ये टेल्कोने नवी गाडी आणली आणि तिला सुमंत व मुळगावकर या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून सुमो हे नाव दिले. ते दुपारचे जेवण ढाब्यावर ट्रकचालकांसोबत करायचे आणि गाडीतले दोष टिपून घ्यायचे, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. त्यांचे काम समजायला तिची गरज नाही. एखाद्या गॅरेजात उघडे पडलेले ४९७ आणि शेजारच्या दुकानात मिळणारे त्याचे पिस्टन पाहिले तरी ते कळते.