नेत्याच्या सावलीतली नेता : लक्ष्मीबाई टिळक

मित्रांनो, लीडरशिप हा शब्द आपल्या कॉलेजात रोज कानावर पडतो. टेक फेस्ट असो, गॅदरिंग असो की प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू, जिथे जावं तिथे टीम आणि टीम लीडर! लीडर म्हटला की स्टेजवर माईक हातात घेऊन बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याच्यामागे रात्री दोन वाजेपर्यंत जागून सगळ्यांच्या चहाची सोय बघणारा कोणाला आठवतो? आज अशाच एका व्यक्तीची ओळख करून द्यायची आहे. ती आपल्या नाशिकचीच. शाळेची पायरी न चढलेली, पण मराठीतलं एक अजरामर पुस्तक लिहून गेलेली. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक.

नाशिकपासून जवळच, गोदाकाठी जलालपूर नावाचं गाव आहे. १ जून १८६८ रोजी तिथल्या गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं ते कायमचं. बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही आणि शिवाशिवीचा धाक तर चोवीस तास! मनूचं सगळं बालपण या धाकात गेलं. पुढे काय घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. टिळक मूळचे कोकणातल्या करजगावचे. लहानपणीच आई गेली, घर सुटलं आणि ते नाशिकला आले. इथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचं अध्ययन केलं. माणूस अफाट बुद्धीचा, कवी मनाचा, पण एका जागी स्थिर म्हणून नाही! कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. आज या गावी तर उद्या त्या गावी. हातात पैसा आला की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन मोकळे. घरात पीठ आहे की नाही याची त्यांना फिकीर नसे. ती करायची लक्ष्मीबाईंनी.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला. त्यातलं ख्रिस्ताचं डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. शत्रूवरही प्रेम करा ही शिकवण त्यांच्या मनात घर करून राहिली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असूनही नसल्यासारखा, आणि नातेवाईकांत तोंड दाखवायची चोरी. चार-पाच वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने नवऱ्यापासून दूर काढली. आजच्या काळात बसून आपल्याला हे सोपं वाटेल, पण सव्वाशे वर्षांपूर्वी बाटलेल्या माणसाची बायको म्हणून जगणं म्हणजे काय, याची कल्पनाही करवत नाही.

शेवटी त्या दत्तूला घेऊन अहमदनगरला टिळकांकडे आल्या. पण कशा? नवऱ्याचा धर्म न स्वीकारता! त्यांचं सोवळं त्यांच्याजवळ, त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचं पाणी वेगळं. विशेष म्हणजे टिळकांनीही धर्माच्या बाबतीत त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एका घरात दोन धर्म नांदू लागले.

आणि मग एक दिवस लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसल्या. जात ही देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांमध्ये जसे वेगवेगळे आकार दिसतात तसा काही फरक माणसांतही दिसला असता. तो तर कुठेच दिसत नाही! लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं सोवळं त्या विचारासरशी गळून पडलं. कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असा निश्चय त्यांनी केला आणि तो लगेच अमलात आणला. ख्रिस्ती होण्याचा निर्णय त्यानंतरचा. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या बाई नवऱ्याच्या मागे डोळे झाकून गेल्या नाहीत. पाच वर्षं थांबल्या, भांडल्या, विचार केला, पटलं तेव्हाच पाऊल टाकलं. टीममध्ये राहणं म्हणजे मान डोलावणं नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता त्यांचं नगरचं घर कसं होतं ते बघू. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करायचे. शिकवणं, उपदेश, कविता, पुढे 'ज्ञानोदय'चं संपादन असा व्याप. त्यात १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ, छप्पन्नचा दुष्काळ म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी असलेला. नगर भागात अनाथ मुलांची रीघ लागली. पाठोपाठ प्लेगच्या साथी. अशा दिवसांत टिळकांचं घर म्हणजे एक वसतिगृहच होतं म्हणा ना! अनाथ पोरं, विद्यार्थी, होतकरू कवी, घरातून बाहेर पडलेले तरुण, जो येईल तो घरचा. टिळक माणसं घरी आणायचे आणि पुन्हा आपल्या कामाला निघून जायचे. आलेल्याला जेवायला काय वाढायचं, झोपायला अंथरूण कुठून आणायचं, आजारी पडला तर उशाशी कोणी बसायचं, हे सगळं लक्ष्मीबाईंकडे. शिवाशिवीच्या धाकात वाढलेली ही बाई प्लेगच्या काळात आजारी मुलांची शुश्रूषा करत होती! आपल्या मेसमध्ये चार पाहुणे जास्त आले तर काय गोंधळ उडतो ते आठवा, म्हणजे त्या घराची कल्पना येईल.

याच घरात काही काळ एक तरुण राहून गेला, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. म्हणजे आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत असलेले बालकवी! टिळक स्वतः 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जात. त्यांनी या मुलातली प्रतिभा ओळखून त्याला आपल्या छायेत घेतलं. पण हळव्या, चटकन रुसणाऱ्या या मुलाला खाऊपिऊ घालून, समजूत काढून सांभाळलं ते लक्ष्मीबाईंनी. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरात त्याने काही बिघडलंही नाही.

१९१७ साली टिळकांनी सर्वांत धाडसी पाऊल टाकलं. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका कुटुंबासारखे राहतील. परदेशी पैसा नको, परदेशी थाट नको. अभंग, भजन, कीर्तन या आपल्या मातीतल्या वाटेने सेवा करायची. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ठरलेला पगार सोडायचा म्हणजे गंमत नाही! इथेही तेच, स्वप्न टिळकांचं आणि रोजची भाकरी लक्ष्मीबाईंची. नवऱ्याने संन्यास घेतला तरी बायकोचा संसार काही सुटत नाही.

पण काळाने फार वेळ दिला नाही. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी टिळकही मुंबईत वारले. लीडर गेला आणि देवाचा दरबारही पुढे फार वाढला नाही.

मग लक्ष्मीबाई संपल्या का? मुळीच नाही! पन्नाशी ओलांडलेल्या या बाई मुंबईला मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाल्या. पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराचीला राहिल्या. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्या पुन्हा आपल्या नाशिकला आल्या. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं होतं. ज्यांना कोणी शाळेत घातलं नाही, जोडाक्षरांशी ज्यांचं कधी नीट जमलं नाही, त्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. प्रोजेक्ट पार्टनर मध्येच गेला तर आपण विषय बदलून मागतो, नाही का?

आणि 'स्मृतिचित्रे'! मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. आई लिहू लागली आणि त्यातून उभं राहिलं तिचंच आत्मचरित्र. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. भाषा अगदी स्वयंपाकघरात बसून गप्पा माराव्यात तशी. दुःखाच्या प्रसंगातही हसवणारी. टिळकांच्या विक्षिप्तपणावर त्या हसतात, स्वतःवर तर त्याहून जास्त हसतात. कोणाबद्दल कडवटपणा नाही. शेवटचा भाग अपुरा असतानाच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचं नाशिकमध्ये निधन झालं.

विचार करा, टिळकांचा आवाज, त्यांचा राग, त्यांचं प्रेम, ते गजबजलेलं घर, हे आज आपल्याला कशामुळे दिसतं? जी बाई पडद्याआड राहून सगळ्यांना वाढत होती तिच्या लेखणीमुळे! माणसांना हाक नेत्याने दिली, पण माणसं धरून ठेवली ती हिने. आणि तीही स्वतःचं डोकं गहाण न टाकता.

म्हणून मित्रांनो, लायब्ररीत 'स्मृतिचित्रे' दिसलं तर सोडू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र हातात घेऊ नका, कारण एकदा घेतलं की खाली ठेवणं कठीण. आणि पुढच्या वेळी एखादा कार्यक्रम यशस्वी झाला, टाळ्या पडल्या, की जरा स्टेजच्या मागेही नजर टाका. तिथे कोणीतरी खुर्च्या आवरत असेल. खरा लीडर कदाचित तोच असेल. त्याला निदान चहा तरी विचारा!