मलिक अंबर : खडकीचा सिव्हिल इंजिनीयर

औरंगपुऱ्यात रूम करून राहणाऱ्या आम्हा पोरांची सकाळ नळ कधी येणार या प्रश्नाने सुरू होते. याच शहराला चारशे वर्षांपूर्वी पंपाशिवाय पाणी देणाऱ्या माणसाबद्दल लिहितोय. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या.)

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादला शिकला आणि शेवटी निजामशाहीच्या पेशव्याकडे, चंगीजखानाकडे आला. मालक वारल्यावर मोकळा झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा बुडती निजामशाही यानेच सावरली. त्याचा गनिमी कावा सर्वांना माहीत आहे, तो सोडतो.

१६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवलं. पाण्याचे हाल होते. त्याने नहर खोदायचं काढलं, तर दरबारातल्या बड्या मंडळींनी त्याला हसण्यावारी नेलं असं सांगतात. मला त्यांचं नवल वाटत नाही. पाणी जमिनीखालून येणार, दिसणार नाही, ढकलायला काही नाही! ट्रेनिंगला आमच्या साइटवरच्या साहेबांचाही टोटल स्टेशनवर विश्वास नव्हता; सगळं परत टेपने मोजायला लावायचे.

आयडिया मात्र साधी होती. उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करायचं, अगदी हलका उतार द्यायचा, मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढायला मॅनहोल ठेवायचे. शहरात पुढे खापराचे पाइप. इराणकडे असली कामं जुनी आहेत. बगदादला असताना त्याच्या कानावर आली असतील, हा माझा अंदाज.

आता खरं सांगायचं तर अंबरला एक सोय होती, जी आपल्याला कधी मिळणार नाही. निजामशहा नावाला होता, कारभार याच्याच हातात. हसणाऱ्यांची सही त्याला लागत नव्हती. तीच लागली असती तर? फाइल अजून फिरत असती!

१६१७ च्या सुमारास, साधारण सव्वा वर्षात, पाणी खडकीत आलं. पुढे मोगलांनी गाव जाळलं, नावं बदलली, पण नहर तीनशे वर्षांच्या वर चालली. अंबर १६२६ मध्ये वारला, कबर खुलताबादला आहे. नहरीचा बराच भाग आता फुटलाय, बुजलाय.