परक्या लेकरांची माउली : माता रमाई

निवासी शाळेत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट पुस्तकांच्याही आधी कळते. आपल्या ताटात रोज पडणारी भाकरी आपल्या आईने थापलेली नसते. ती कुणीतरी परक्या हातांनी थापलेली असते. निरपेक्ष प्रेम म्हणजे काय, हे अशा मुलांना व्याख्या करून सांगावे लागत नाही. म्हणूनच या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा माता रमाईंखेरीज दुसरे नाव मनात आले नाही.

दापोलीजवळच्या वणंद या खेड्यात ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईंचा जन्म झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले, आणि पोरक्या भावंडांना नातलगांनी मुंबईस आणले. भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचा भीमरावांशी विवाह झाला. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा शाळकरी.

पुढची वर्षे बहुतेक वाट पाहण्यात गेली. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले ते १९१७ साली परतले. १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते १९२३ साली आले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली, तेव्हा तरी चूल सुखाने पेटावी! पण पगारातील ठराविक रक्कमच घरात येई. उरलेली लंडनच्या शिक्षणासाठी साठवली जाई. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि स्वतःची मुले असा संसार त्या पैशांत रमाईंनी चालवला. पती परदेशी असताना त्यांनी शेण वेचून गोवऱ्या थापल्या, हे आपल्या समाजात घरोघरी ठाऊक आहे. सरपणाचे पैसे वाचवण्याचा तो साधा, रोजचा हिशेब होता. आपल्याकडे त्याग म्हटले की डोळ्यांपुढे काही भव्य उभे राहते. रमाईंचा त्याग मात्र मीठ-मिरचीच्या हिशेबात दडलेला होता, म्हणून तो फार थोड्यांना दिसला.

पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. रमेश, गंगाधर, इंदू गेली. जुलै १९२६ मध्ये धाकटा राजरत्न गेला. गंगाधरच्या देहावर घालायला नवे कापड आणण्यास घरात पैसे नव्हते, तेव्हा रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, अशी हकीकत सांगितली जाते. ती वाचताना आजही गळा दाटून येतो. चार लेकरे मातीआड केलेल्या बाईने जगाकडे पाठ फिरवली असती, तर तिला कोण बोल लावणार होते?

पण धारवाडची हकीकत नेमकी याच्या उलट आहे. बळवंतराव वराळे तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. प्रकृतीला आराम मिळावा म्हणून रमाई काही दिवस त्यांच्याकडे राहावयास गेल्या होत्या. अंगणात रोज खेळणारी मुले एकाएकी दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी चौकशी केली. सरकारी अनुदान वेळेवर आले नव्हते, धान्य संपले होते आणि मुले उपाशी होती. रमाई आत गेल्या आणि आपल्या सोन्याच्या बांगड्या आणून वराळ्यांच्या हाती ठेवल्या. विका किंवा गहाण टाका, पण मुलांना जेवू घाला, एवढेच त्यांचे सांगणे होते. वर्षानुवर्षे पै-पै जोडणाऱ्या गृहिणीच्या अंगावरचे ते सोने होते. आणि ती मुले तिची कुणीच नव्हती. त्यांतले कोण पुढे शिकेल, कोण समाजाच्या उपयोगी पडेल, कोण हे अन्न विसरून जाईल, असा विचार त्या घडीला झाला असेल असे मला वाटत नाही. भुकेल्या पोराला आधी जेवू घालायचे असते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

एक गोष्ट आपण बौद्ध लोक सांगताना थोडे अडखळतो. रमाई भाविक होत्या, उपवास करीत, पंढरपूरला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. ज्या देवळात आपल्या माणसांना दाराबाहेर उभे राहावे लागते तेथे जाणे बाबासाहेबांना मान्य नव्हते, आणि ती इच्छा अपुरीच राहिली. येवल्याची धर्मांतराची घोषणा ऑक्टोबर १९३५ मधली. रमाई त्याच्या पाच महिने आधीच गेल्या होत्या. त्रिशरण त्यांच्या कानी पडले नाही. ही हकीकत झाकण्याचे मला काही कारण दिसत नाही. पती-पत्नीच्या श्रद्धा जुळत नव्हत्या, तरी त्या घरातली माया आटली नाही; आणि धारवाडच्या मुलांना ज्या मैत्रीचा घास मिळाला, तिला तेव्हा धम्माचे नाव नव्हते इतकेच.

दादरला राजगृह बांधून झाले आणि थोडे बरे दिवस आले, तोवर देह झिजून गेला होता. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. १ जूनला बाबासाहेब सरकारी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी रुजू झाले. ज्या शिक्षणासाठी त्यांनी अर्धपोटी संसार केला त्याचा हा मान, आणि तो पाहायला त्या नव्हत्या. पाच वर्षांनी, १९४० साली, पाकिस्तानच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला.